गंज, मीठ आणि मोटारीचा सांगाडा

लोखंडाला गंज चढतो ही गोष्ट आपल्या घरांत इतकी नित्याची आहे कीं, तिलाही कांहीं इतिहास असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाहीं. पावसाळ्यांत विळीचें पातें तांबूस होतें, खिडकीच्या गजांवर खपल्या धरतात, फडताळांत पडून राहिलेला अडकित्ता उघडतांना कुरकुरतो. आपण तेलाचा हात फिरवितों आणि विसरून जातों. परंतु याच क्षुल्लक वाटणाऱ्या गंजाशीं जहाजें बांधणारे, पूल उभारणारे आणि मोटारी घडविणारे लोक गेलीं दोनशें वर्षें झगडत आले आहेत. त्या झगड्यांतील एकच प्रकरण मी आज आपल्यापुढें मांडणार आहें. तें म्हणजे अमेरिकेंतील पिकअप नांवाच्या मालमोटारीच्या सांगाड्याचें. विषय दूरदेशचा आहे खरा. पण त्यांतून निघणारा बोध आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचतो.

पुढें चालकाची खोली आणि मागें उघडा हौदा अशी पिकअपची घडण असते. आपल्याकडेही दूध, भाजी, मासळी वाहणाऱ्या अशा गाड्या रोज दृष्टीस पडतात. फोर्ड कारखान्यानें १९२५ सालीं आपल्या मॉडेल टी मोटारीवर कारखान्यांतच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली, आणि तेव्हांपासून या जातीच्या वाहनाचा अमेरिकेंत जोमानें प्रसार झाला. शेतकरी, सुतार, गवंडी, नळकाम करणारा, अशा सर्वांची ती एकाच वेळीं बैलगाडीही झाली आणि फिरतें दुकानही झाली. म्हणूनच तिचें आयुष्य किती, हा तेथें केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. तो पोटापाण्याचा प्रश्न आहे.

या मोटारीचा सांगाडा कसा असतो तें प्रथम लक्षांत घेऊं. एखादी शिडी जमिनीवर आडवी ठेवावी, तशा दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे बांध, एवढाच तो असतो. आपल्याकडील कारागीर त्याला चासी म्हणतात. इंजिन, चाकांचे कणे, कमानीचे पाटे, हौदा आणि हौद्यांतील ओझें, सर्वांचा भार या शिडीवर. पुढील काळांत बहुतेक लहान मोटारींनीं ही निराळी शिडी टाकून दिली आणि पत्र्याच्या अंगालाच सांगाड्याचें काम दिलें. ओझें वाहणाऱ्या पिकअपनें मात्र ती सोडली नाहीं. दरवाज्याचा पत्रा गंजला तर मोटार कुरूप दिसते. शिडी गंजली तर मोटार मोडते. आणि विपरीत असें कीं, दरवाजा सर्वांच्या डोळ्यांपुढें असतो, शिडी मात्र कोणालाच दिसत नाहीं.

आतां गंज म्हणजे काय? खाणींतून जी तांबडी माती निघते ती बहुतांशीं लोखंड आणि प्राणवायु यांचा संयोग असते. भट्टींत प्रचंड उष्णता ओतून आपण ती फारकत घडवून आणतों आणि शुद्ध धातु मिळवितों. पण ही फारकत लोखंडाला मानवत नाहीं. पाणी व हवा मिळतांच तें पुन्हां मूळच्या मातीकडे वळतें. या क्रियेंत लोखंडाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विजेचे प्रवाह वाहत असतात. पाण्यांत मीठ मिसळलें कीं त्या प्रवाहांची वाट सोपी होते, म्हणून खाऱ्या पाण्यानें गंज झपाट्यानें वाढतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा लागते. दोन पत्र्यांच्या सांध्यांत तो शिरला तर पाचरीसारखा फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून उचकटतो. तांब्याचा कळकट थर खालच्या तांब्याला कांहीं अंशीं झांकतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असल्यामुळें खालच्या लोखंडाला आडोसा देत नाहीं. पापुद्रा सुटतो आणि खालचें लोखंड नव्यानें उघडें पडतें.

या व्याधीवर शास्त्रीय उपचाराचा पहिला मोठा प्रयोग झाला तो समुद्रावर. इंग्रज शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यानें १८२४ सालीं असें दाखवून दिलें कीं, जहाजाच्या तळाला लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, तर ते तुकडे स्वतः झिजतात आणि तांबें वांचतें. उपाय बिनतोड ठरला, पण त्यांतून भलतीच आपत्ति उद्भवली. तांबें झिजेनासें झाल्यामुळें त्याचा जो विषारी अंश समुद्रजीवांना दूर ठेवीत होता तोही पाण्यांत उतरेनासा झाला. तळाला शेवाळ आणि शिंपा चिकटून जहाजें मंदावलीं, आणि आरमारानें तो उपाय सोडून दिला. तत्त्व मात्र टिकलें. फ्रेंच कारागीर सोरेल यानें १८३७ सालीं वितळलेल्या जस्तांत लोखंड बुडवून त्यावर लेप चढविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें.

या लेपाचें मर्म आपल्या गृहिणींना चटकन उमगेल, कारण त्यांचा कल्हईशीं परिचय आहे. भांड्याला कल्हई करतात ती कथलाची. कथलाचा थर लोखंडावर दिला आणि त्याला ओरखडा पडला, तर त्या ओरखड्याखालचें लोखंड उलट अधिक वेगानें गंजतें. जस्ताचा स्वभाव याच्या विरुद्ध आहे. ओरखडा पडला तरी शेजारचें जस्त स्वतः झिजून लोखंडाला संभाळतें. एक धातु नुसतें पांघरूण घालतो, दुसरा स्वतःची आहुति देतो, एवढा हा भेद आहे.

मग कोणी सहज विचारील कीं, ही विद्या १८३७ सालीं हातीं आली असतां तिच्यानंतर शंभर वर्षांनीं घडविलेले मोटारींचे सांगाडे गंजून कां जावे? याचें एक उत्तर खर्चाचें आहे. संबंध सांगाडा जस्तांत बुडविणें महाग पडतें, आणि साध्या काळ्या रंगावर कांहीं वर्षें भागतें. दुसरें उत्तर असें कीं, आरंभीं तशी निकडही नव्हती. त्या काळच्या अमेरिकन रस्त्यांवर धूळ होती, चिखल होता, बर्फ होतें. पण मीठ नव्हतें. बर्फावरून चाकें घसरूं नयेत म्हणून रस्त्यांवर वाळू किंवा राख टाकीत.

मीठ आलें तें न्यू हॅम्पशायर या उत्तरेकडील संस्थानांतून. तेथें १९३८ सालीं रस्त्यांवर मीठ टाकण्याचे प्रयोग झाले, आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यांत अमेरिकेच्या सर्व महामार्गांवर मिळून सुमारें ५ हजार टन मीठ पडलें. मिठामुळें पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो आणि बर्फ वितळतें, हें आपल्याला कुलफीच्या मडक्यावरून ठाऊक आहे. महायुद्ध संपल्यावर मोटारी वाढल्या, दूरदूरचे रस्ते झाले, आणि हिवाळ्यांतही रस्ता काळाभोर दिसला पाहिजे अशी लोकांची मागणी झाली. आज त्या देशांत वर्षाकाठीं दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडतें. यांत कोणाला खलनायक ठरवितां येत नाहीं. मिठानें घसरणारीं चाकें थांबविलीं आणि माणसांचे प्राण वांचविले. त्याच मिठानें माणसांच्या वाहनांचीं हाडें पोखरलीं. पुष्कळशा सोयींची किंमत अशीच मागाहून आणि निराळ्याच खिशांतून वसूल होत असते.

खारें पाणी चाकांनीं उडतें आणि सांगाड्यावर बसतें. येथें सांगाड्याच्या घडणीचा प्रश्न येतो. जुन्या तुळया एका बाजूनें उघड्या, पन्हळीसारख्या असत. पुढें अधिक ताठरपणासाठीं त्या चारही बाजूंनीं बंद, पेटीसारख्या करूं लागले. बंद तुळई पीळ उत्तम सोसते, परंतु तिच्या भोकांतून चिखल व खारट पाणी आंत गेलें कीं बाहेर येण्यास वाट सांपडत नाहीं. बाहेरून रंग तुकतुकीत आणि आंत ओला चिखल, असा प्रकार होतो. इंग्लंडमधील लँड रोव्हर गाडीचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. ती १९४८ सालीं बाजारांत आली तेव्हां युद्धोत्तर काळांत पोलादाची टंचाई असल्यानें तिचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें होतें, आणि खालची पेटीसारखी चासी मात्र पोलादाची होती. पुष्कळ गाड्यांचें अंग धडधाकट राहिलें आणि चासी गळून गेली. त्या जुन्या गाड्यांचे शौकीन आज जस्तांत बुडविलेली नवी चासी विकत घेऊन तिच्यावर जुनें अंग चढवितात.

रोग वाढला तसे वैद्यही वाढले. डेट्रॉईट शहरांत १९५९ सालीं झीबार्ट नांवाच्या जर्मन कारागिरानें मोटारींना गंजरोधक लेप देण्याचें दुकान काढलें, आणि पुढें तो धंदाच झाला. डांबरासारखा जाड काळा लेप मोटारीच्या पोटाला फासण्याची पद्धतही फार रूढ झाली. पण कांहीं वर्षांनीं डांबर कडक होऊन तडकतें; तडींतून पाणी आंत शिरतें आणि तेथेंच कोंडून राहतें. जें पांघरूण म्हणून घातलें तेंच ओल्या फडक्यासारखें लोखंडाला चिकटून बसतें. कारखान्यांनीं निराळा मार्ग शोधला. फोर्ड कारखान्यानें १९६० च्या दशकांत रंगाच्या हौदांत मोटारीचें अंग बुडवून विजेच्या प्रवाहानें सांदीकोपऱ्यांतही रंग चढविण्याची रीत प्रचारांत आणली. पुढें ती सुधारली, तिच्या जोडीला जस्त चढविलेले पत्रे आले, आणि मोटारींचीं अंगें पुष्कळच टिकाऊ झालीं. परिणाम असा झाला कीं, दिसणाऱ्या भागाचें आयुष्य वाढलें आणि न दिसणारा सांगाडा मागें राहिला. वरची मोटार तरुण आणि खालची म्हातारी, अशी स्थिति अनेक पिकअपांची झाली.

याचा स्फोट झाला तो टोयोटा कंपनीच्या पिकअपांच्या प्रकरणांत. टिकाऊपणाबद्दल या कंपनीचा मोठा लौकिक आहे. तथापि १९९५ ते २००० या सालांच्या टॅकोमा गाड्यांचे सांगाडे गंजानें सच्छिद्र होऊं लागल्याच्या तक्रारी आल्यावर, २००८ सालीं कंपनीनें त्यांच्या गंजाबद्दलची हमी १५ वर्षांपर्यंत वाढविली, आणि ज्या गाड्या फारच बिघडल्या होत्या त्या बाजारभावाच्या दीडपट रक्कम देऊन परत घेतल्या. २००९ सालीं थंड प्रदेशांतील २० संस्थानें आणि राजधानी येथील २००० ते २००३ या सालांच्या सुमारें १ लाख १० हजार टुंड्रा गाड्या तपासणीसाठीं बोलावाव्या लागल्या. त्यांचा मागला आडवा बांध गंजून खालीं टांगलेलें जादा चाक भर रस्त्यांत पडण्याचें भय निर्माण झालें होतें. शेवटीं २०१६ सालीं न्यायालयांत तडजोड होऊन २००५ ते २०१० च्या टॅकोमा आणि कांहीं सालांच्या टुंड्रा व सिक्वोया अशा सुमारें १५ लक्ष गाड्यांची तपासणी करण्याचें, आणि जरूर तेथें नवा सांगाडा घालून देण्याचें ठरलें. त्या तडजोडीचा अंदाजी आंकडा ३४० कोटी डॉलरांपर्यंत गेला. कंपनीनें आपला दोष मान्य केला नव्हता, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

या निकालांतून ज्यांची गाडी नेमक्या सालांत आणि मुदतींत बसत होती त्यांना न्याय मिळाला. परंतु वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या पिकअपवर ज्याचा चरितार्थ चालतो त्याच्या वांट्याला हमीही येत नाहीं आणि तडजोडही येत नाहीं. त्यानें काय करावें? येथवरच्या इतिहासाचें सार त्याच्याच उपयोगाचें आहे, म्हणून तें थोडक्यांत सांगतों.

पहिलें काम परीक्षेचें. गाडी भक्कम टेकूंवर उभी करून, नुसत्या जॅकच्या भरंवशावर कधींही नव्हे, सांगाड्यावर लहान हातोडीनें ठोके देत जावें. मडकें घेतांना आपण तें वाजवून पाहतों, तशीच ही रीत आहे. निरोगी पोलाद खणखणीत बोलतें; पोखरलेलें बद्द वाजतें, आणि फारच गेलें असेल तर हातोडी आंतच शिरते. मागच्या कमानीचे पाटे जेथें जोडलेले असतात ती जागा, आडव्या बांधांचे सांधे, आणि चिखल सांठणारीं वळणें येथें विशेष लक्ष द्यावें. सांगाड्याच्या कडेनें जाणाऱ्या ब्रेकच्या पोलादी नळ्याही त्याच वेळीं पाहाव्या, कारण त्यांनाही तेंच खारें पाणी लागलेलें असतें.

दुसरें काम शुद्धीचें. पोपडे सुटले असतील तेथें तारेच्या ब्रशानें आणि खरवडणीनें ते पूर्ण काढून टाकावे. सुट्या पोपड्यांवर दिलेला रंग पोपड्यांबरोबरच गळतो. धातूला घट्ट चिकटून राहिलेल्या पातळ गंजावर रासायनिक द्रव लावतात. त्यांतील एका प्रकारांत फॉस्फरिक आम्ल असतें, दुसऱ्यांत टॅनिन असतें. हें टॅनिन आपल्याला परकें नाहीं. हिरडा आणि हिराकस यांपासून जी काळीभोर शाई आपले पूर्वज करीत, तिच्यांतील काळेपणा टॅनिन व लोह यांच्या संयोगाचाच होता. गंजावर हा द्रव लावला कीं तांबडा रंग पालटून काळा, स्थिर थर तयार होतो. त्यानंतर एपॉक्सी जातीचा अस्तररंग आणि वर कठीण रंग द्यावा. जेथें लोखंड अगदीं चकचकीत उघडें केलें असेल तेथें जस्ताची पूड मिसळलेलें अस्तर अधिक बरें. सोरेलचीच युक्ति तेथें पुन्हां उपयोगीं पडते.

तिसरें आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें काम तुळईच्या आंतील. तेथें ब्रश पोंचत नाहीं. म्हणून प्रथम पाणी निघून जाण्याचीं भोकें मोकळीं करावीं, पाण्याच्या झोतानें आंतील चिखल धुवून काढावा, पूर्ण वाळूं द्यावें, आणि मग लांब नळीनें तेल, मेण किंवा मेंढीच्या लोकरींतील स्निग्ध द्रव्य आंत फवारावें. ब्रेक आणि धुराची तापणारी नळी यांवर मात्र त्याचा शिंतोडाही पडूं देऊं नये. असला मऊ लेप कडक होत नाहीं, म्हणून तडकतही नाहीं. पण तो हळूहळू धुवून जातो आणि दरवर्षीं हिवाळ्यापूर्वीं पुन्हां द्यावा लागतो. हिवाळाभर गाडीचें पोट मधूनमधून गोड्या पाण्यानें धुवावें. मिठानें माखलेली गाडी न धुतां उबदार खोलींत ठेवणें हें तर गंजाला आमंत्रणच होय, कारण उबेनें ही क्रिया अधिकच वेग घेते.

यापुढें एक मर्यादा आहे आणि ती प्रामाणिकपणानें ओळखली पाहिजे. द्रव व रंग उरलेलें लोखंड राखतात. गेलेलें लोखंड ते परत आणीत नाहींत. तुळईला भोक पडलें असेल तर तेथें जाणत्या कारागिराकडून खराब भाग कापून, धडधाकट पोलादापर्यंत जाऊन, नवा तुकडा जोडून घ्यावा लागतो. भार सोसणारी जागाच गेली असेल तर सांगाडा बदलावा, नाहीं तर ती गाडी रस्त्यावरून काढून घ्यावी. असें असतां कित्येक जुन्या गाड्या विकतांना त्यांच्या पोटाला ताजा काळा लेप फासून भोकें झांकलेलीं असतात. वरून कीर्तन आणि आंतून तमाशा, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. फरक इतकाच कीं, हा तमाशा भरधाव रस्त्यावर होतो, आणि त्यांत विकणाऱ्याचा नव्हे, तर घेणाऱ्याचा आणि समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचा जीव जातो. जुनी गाडी घेणाऱ्यानें म्हणूनच गंजलेल्या पोटापेक्षां नव्यानें काळ्या केलेल्या पोटाला अधिक भ्यावें.

आपल्या महाराष्ट्रांत रस्त्यावर बर्फ नाहीं आणि मीठही टाकावें लागत नाहीं. पण मुंबईपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर वाराच खारा आहे, चार महिने पाऊस आहे, आणि मासळी वाहणाऱ्या गाड्यांच्या हौद्यांतून वितळलेल्या बर्फाचें खारट पाणी सांगाड्यावर ठिबकत असतें. तेथील गाडीवाल्यांना वर सांगितलेला सारा विधि जसाच्या तसा लागू आहे. आपल्याकडे तो हिवाळ्यापूर्वीं न करतां पावसाळ्यापूर्वीं करावा, आणि पाऊस सरल्यावर गाडीचें पोट एकदां धुवून तपासावें, एवढेंच.

दोनशें वर्षांच्या या इतिहासांत जस्त आलें, डांबर आलें, विजेनें चढणारा रंग आला, आणि प्रत्येक वेळीं माणसाला वाटलें कीं आतां एकदांच काय तो खर्च करावा आणि निश्चिंत व्हावें. तशी निश्चिंति लोखंडाच्या बाबतींत कोणालाच लाभली नाहीं. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ पासून उभा आहे तो एका लेपाच्या बळावर नव्हे. साधारण दर सात वर्षांनीं माणसें ब्रश घेऊन त्यावर चढत आलीं आहेत म्हणून. आपल्या आज्या पावसाळ्याच्या तोंडाशीं विळीला आणि अडकित्त्याला तेल लावून ठेवीत. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतें, पण लोखंडाचा स्वभाव त्यांनीं बरोबर ओळखला होता. लोखंड हें एकदां राखून ठेवण्याचें धन नसून दरवर्षीं नव्यानें राखावयाचें धन आहे. ज्यांच्या घरीं मालमोटार असेल त्यांनीं यंदां पावसापूर्वीं एकदां तिच्या खालीं वांकून पाहावें, आणि हातोडीचा एक ठोका देऊन ती काय बोलते तें ऐकावें.